आपल्या शाळेची बातमी: विद्यार्थ्यांची माध्यमे आपलेपणा कसा घडवतात

शाळेच्या दर्शनी फलकावर मुख्याध्यापकांच्या सहीचे परिपत्रक लावले आणि त्याच्याच शेजारी सहावीच्या मुलांनी स्केचपेनने लिहिलेला अर्धा ताव लावला, ज्यात तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत शाळेचा संघ कसा हरला याची हकिगत आहे, तर मधल्या सुट्टीत गर्दी कोणत्या कागदापुढे होईल हे शाळेत गेलेल्या कोणालाही सांगता येईल. परिपत्रकातील मजकूर अधिक महत्त्वाचा असतो, त्याची छपाई सुबक आणि भाषा निर्दोष असते. तरीही मुले वाचतात ती ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह लिहिलेली पराभवाची बातमी, आणि वाचून झाल्यावर शेवटच्या चढाईत पंचांचा निर्णय बरोबर होता की चूक यावर भांडतात. स्वतःच्या शाळेच्या पराभवाचे वर्णन वाचून शाळेविषयीचा अभिमान कमी व्हायला हवा, असे तर्काने वाटते. प्रत्यक्षात त्या फलकापुढे उभे राहून वाद घालणारी मुलेच पुढच्या सामन्याला टाळ्या वाजवायला जातात. हे असे का होते, आणि मुलांनी स्वतः तयार केलेल्या मजकुरात अशी कोणती शक्ती असते की जी सुविचारांत, स्वागतकमानींत आणि वार्षिक अहवालांत सापडत नाही, हे समजून घेण्यासाठी त्यामागील यंत्रणा सुटी करून पाहावी लागते.

माध्यम कोणाचे, हे कसे ओळखावे

विद्यार्थी-माध्यम या संज्ञेत भित्तिपत्रक, हस्तलिखित अंक, परिपाठात वाचली जाणारी शाळेची बातमीपत्रिका, मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम किंवा चार-पाच मिनिटांचा लघुपट या सर्वांचा समावेश होतो. मात्र केवळ मुलांचे अक्षर किंवा मुलांचा आवाज असल्याने ते माध्यम मुलांचे ठरत नाही. विषय कोणी निवडला, मजकूर कोणी मिळवला, काय छापायचे आणि काय वगळायचे हे कोणी ठरवले, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतांशी 'विद्यार्थ्यांनी' अशी आली, तरच ते विद्यार्थी-माध्यम होय.

या कसोटीवर महाराष्ट्रातील शाळांचे अनेक नित्याचे उपक्रम उतरत नाहीत. परिपाठात एक विद्यार्थी रोज बातम्या वाचतो खरा, पण त्या आदल्या दिवशीच्या दैनिकातून उतरवलेल्या असतात. त्यात दिल्लीतील घडामोडी असतात, क्रिकेटचा निकाल असतो, आणि शाळेच्या हातपंपाला दोन दिवस पाणी येत नाही ही बातमी मात्र नसते. शाळेच्या वार्षिकांकांची स्थिती त्याहून बोलकी आहे. पहिल्या काही पानांवर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, त्यानंतर शुभेच्छा संदेश, मग अहवाल, आणि या सगळ्यांतून वाट काढून वाचक मुलांच्या पानांपर्यंत पोचला, की तेथे कोठून तरी उतरवलेल्या कविता आणि विनोद. असा अंक संस्थेचा अभिमान व्यक्त करत असेल, परंतु विद्यार्थ्यांमध्ये तो निर्माण करत नाही, कारण त्यात विद्यार्थ्याला करण्यासारखे काम फारसे उरलेले नसते.

अमळनेर, बार-सुर-लू आणि वॉर्सा

शाळेतल्या शाळेत वर्तमानपत्र चालवण्याची कल्पना मराठी शाळांना परकी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात खानदेशातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाची, जबाबदारीही त्यांच्याकडे होती. या छात्रालयासाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवत, आणि १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. घरापासून दूर आलेल्या, वेगवेगळ्या गावांच्या आणि जातींच्या मुलांना एकत्र राहायचे असेल, तर केवळ घंटा आणि नियम पुरत नाहीत, सर्वांनी रोज वाचावे असे काहीतरी समाईक लागते, ही जाण या दैनिकामागे होती. तरी एक भेद नोंदवला पाहिजे. 'छात्रालय' दैनिकाचे लेखन मुख्यतः गुरुजींचे होते. मुले त्याचे वाचक होती. विलक्षण निष्ठेच्या एका शिक्षकाने चालवलेले असे दैनिक शिक्षकासोबत थांबते, हा या नमुन्याचा गुण नव्हे, मर्यादा आहे.

लेखणीच मुलांच्या हाती देण्याचा प्रयोग त्याच सुमारास फ्रान्समध्ये चालू होता. सेलेस्तँ फ्रेने हे दक्षिण फ्रान्सच्या बार-सुर-लू या खेड्यातील प्राथमिक शिक्षक पहिल्या महायुद्धात छातीला गोळी लागून आले होते, त्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलणे जमत नसे. मुलांना घेऊन ते गावात आणि शेतात हिंडत, परतल्यावर मुलांनी पाहिलेले लिहून काढायचे, आणि सर्वांनी निवडलेला मजकूर शाळेतील छोट्या मुद्रणयंत्रावर मुलांनीच खिळे जुळवून छापायचा, अशी पद्धत त्यांनी १९२४ पासून रुजवली. पुढे हे छापील मजकूर पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातील त्रेगँक येथील शाळेला टपालाने जाऊ लागले आणि तिकडचे मजकूर इकडे येऊ लागले. या देवाणघेवाणीने लेखनाचा स्वभावच पालटला. गुणांसाठी लिहिणारे मूल 'आमचे गाव सुंदर आहे' एवढ्यावर थांबते, कारण शिक्षकांना गाव माहीत असते. हजारेक किलोमीटर दूरचा अनोळखी मुलगा वाचणार असला, की गावातली झाडे कोणती, पाणी कोठून येते, बाजार कधी भरतो हे सारे सांगावे लागते, आणि ते सांगण्याच्या खटाटोपात लिहिणाऱ्यालाही आपले गाव प्रथमच नीट दिसू लागते.

पोलंडमधील डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोरचाक यांनी वॉर्सामधील आपल्या अनाथालयात मुलांचे वर्तमानपत्र चालवले, जे आठवड्याला सर्वांसमोर वाचले जाई. एका आठवड्याला दुसऱ्या आठवड्याशी जोडणारा आणि मुले, शिक्षक व कर्मचारी यांना एकत्र बांधणारा दुवा म्हणून ते वर्तमानपत्राकडे पाहत. पुढे १९२६ मध्ये त्यांनी एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणीच मुलांच्या हाती सोपवली, जिचे बातमीदार मुले होती आणि जी १९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू होईपर्यंत निघत राहिली.

स्वतःच्या हातची वस्तू आणि इतरांच्या लेखी तिची किंमत

आता मूळ यंत्रणेकडे वळता येईल. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन अ‍ॅरिएली या तीन संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, जो सुटे भाग घरी जोडायला लावणाऱ्या एका फर्निचर कंपनीच्या नावावरून 'आयकिया परिणाम' म्हणून ओळखला जातो. लोकांनी स्वतः घडी घालून केलेल्या कागदी आकृत्यांची किंमत तज्ज्ञांनी केलेल्या आकृत्यांच्या जवळपास लावली, जरी त्या वाकड्यातिकड्या होत्या. शाळेच्या दृष्टीने या अभ्यासातील दोन निष्कर्ष अधिक उपयोगी आहेत. पहिला असा, की काम अर्धवट राहिले किंवा केलेली वस्तू मोडून टाकली, तर हा जिव्हाळा टिकत नाही. म्हणजे नुसते कष्ट आपलेपणा निर्माण करत नाहीत, पूर्ण झालेले कष्ट करतात. मोठ्या उत्साहाने लेख गोळा करून जो अंक कपाटात पडून राहतो, तो न काढलेल्या अंकापेक्षा अधिक नुकसान करतो, कारण मुलांना त्यातून एवढेच कळते की आपल्या श्रमाला येथे शेवट नसतो.

दुसरा निष्कर्ष थोडा अडचणीचा आहे. वस्तू करणाऱ्याला वाटते की इतरांनाही ती तितकीच आवडेल. इतरांना ती तितकी आवडत नाही. याचा सरळ अर्थ असा, की वर्गातील सुंदर अक्षराच्या पाच मुलींनी वर्षभर भित्तिपत्रक काढले, तर ते त्या पाच जणींचे होते आणि बाकीच्यांसाठी ती आणखी एक सूचना ठरते. शाळेत नेमके हेच घडते, कारण तपासणीच्या दिवशी फलक चांगला दिसावा म्हणून काम ज्यांना चांगले जमते त्यांनाच दिले जाते.

यावरील उपाय अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही, कारण भाताच्या आवणीत, म्हणजे रोपांच्या लावणीत, तो त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. पावसाने जोर धरला, की एका घराच्या माणसांनी खाचरे वेळेत लावून होत नाहीत. तेव्हा सावडीने काम होते, म्हणजे आज सगळे मिळून एकाचे खाचर लावतात आणि उद्या दुसऱ्याचे. ज्याने दुसऱ्याच्या चिखलात दिवस काढला, तो त्याचे पीक कसे आले याची चौकशीही करतो. विद्यार्थ्यांचा अंक याच तत्त्वावर चालावा लागतो. या पंधरवड्यात सातवीची एक तुकडी अंक काढते आणि सहावीची वाचते, पुढच्या वेळी उलट. बातमी आणणारा, ती तपासणारा, सुवाच्य अक्षरात उतरवणारा, चित्र काढणारा आणि फलकावर चिकटवणारा अशी कामे पाळीपाळीने फिरतात. जो आज केवळ वाचक आहे त्याने मागच्या महिन्यात तेच काम केलेले असल्याने त्याला ओळींमागचे कष्ट दिसतात, आणि करणारा व पाहणारा यांच्या मूल्यमापनातील दरी बुजते. यात आणखी एक लाभ सहज होतो. शाळेत उंची मोजण्याची पट्टी सहसा एकच असते, गुणांची; अंकाच्या कामात मात्र गणितात मागे असलेला मुलगा गावातली खात्रीची माहिती आणणारा म्हणून लागतोच, कारण गुरे वळताना तो सर्वत्र फिरलेला असतो.

एकत्र वाचण्याचाही वेगळा परिणाम असतो. अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ च्या 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या ग्रंथात असे मांडले, की परस्परांना कधीही न भेटणारी माणसे एकच वर्तमानपत्र एकाच सकाळी वाचतात तेव्हा त्यांना आपण एका समाजाचे असल्याची जाणीव होऊ लागते. शाळेला हे लागू पडणार नाही असे प्रथम वाटते, कारण तेथे सगळे एकमेकांना ओळखतात. पण अकोले तालुक्यातील राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालील निवासी आश्रमशाळांचा विचार केला तर चित्र निराळे दिसते. लांबच्या पाड्यांवरून आलेली तिसरीतील मुले आणि दहावीतील मुले एकाच छताखाली जेवतात, मात्र परस्परांचे दिवस कसे जातात हे त्यांना ठाऊक नसते. ठरलेल्या दिवशी निघणारा, सर्वांनी वाचलेला किंवा ऐकलेला एक कागद त्यांना बोलण्यासाठी समाईक विषय देतो.

अकोल्याच्या मुलांकडे सांगण्यासारखे काय आहे

शाळेचा अभिमान हवेत तयार होत नाही. त्याला धरायला काहीतरी ठोस लागते, आणि ते बहुधा शाळेच्या आवाराबाहेर सापडते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचा अकोले हा पश्चिमेकडील तालुका या बाबतीत असाधारण श्रीमंत आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचे कळसूबाई, याच तालुक्याच्या सीमेवर आहे. हरिश्चंद्रगड आणि रतनगड येथेच आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड करून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे देवगावचे. देशी वाणांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री ज्यांना जाहीर झाला त्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण प्रवरेवर उभे आहे.

परंतु ही यादी जशीच्या तशी अंकात उतरवणे हा सर्वांत कमी फळ देणारा मार्ग होय. ती पर्यटकांच्या माहितीपत्रकात आधीच असते आणि तिच्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे काही नसते. अंकाला मोल येते ते, जे इतरत्र कोठेही छापलेले नाही ते त्यात आले तर. राहीबाईंवर निबंध लिहिण्याऐवजी वर्गातील प्रत्येकाने घरच्या कणगीत किंवा मडक्यात या वर्षी कोणत्या भाताचे आणि कोणत्या वालाचे बियाणे राखले आहे हे विचारून आणले, तर एका अंकात गावाची बियाण्यांची नोंद तयार होते. काळभाताचा वाण किती घरांत उरला आहे हे त्या गावात प्रथमच कोणीतरी मोजलेले असते. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनाची बातमी दैनिकांत येतेच. मात्र मुसळधार पावसात तग धरणाऱ्या या जातीचा बैल निवडताना आजोबा काय पाहतात, कातडीवर हात फिरवून त्यांना काय कळते, हे मूलच विचारू शकते आणि आजोबाही ते त्यालाच सविस्तर सांगतात. वाघबारशीचा सण कोणत्या पाड्यावर कसा पाळतात, धरणात कोणाची जमीन गेली, आवणी झाल्यावर कोणत्या घरची माणसे मजुरीसाठी नारायणगावकडे जातात, हे विषय पाठ्यपुस्तकात नाहीत, आणि नेमके म्हणूनच मुलांच्या माध्यमासाठी योग्य आहेत.

सर्वांत सोपे आणि सर्वांत टिकाऊ सदर पावसाचे ठरू शकते. या एकाच तालुक्यात घाटघर आणि रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडे तो काहीशे मिलिमीटरवर येतो. पाऊस मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही: तळापासून तोंडापर्यंत सारख्याच व्यासाचे, उभ्या भिंतींचे भांडे मोकळ्या जागी ठेवले आणि भारतीय हवामान खात्याच्या प्रथेप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजली, तर ती उंचीच मिलिमीटरमधला पाऊस असते, कारण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर साचलेले एक लिटर पाणी. घाटघरच्या बाजूची एक शाळा आणि आढळा धरणाच्या काठच्या देवठाणच्या बाजूची एक शाळा यांनी दर आठवड्याला आपापले आकडे परस्परांना कळवले, तर त्रेगँक आणि बार-सुर-लू यांच्यातील देवाणघेवाण एका तालुक्यात घडेल, आणि दोन्हीकडच्या मुलांना नकाशावर एक तालुका दिसणारी भूमी प्रत्यक्षात किती वेगवेगळी आहे याचा अंदाज येईल.

येथे अभिमानाच्या यंत्रणेचा मुख्य खिळा हाती लागतो. शाळेने फलकावर लिहिलेला पावसाचा आकडा पाहायला जेव्हा शेतकरी थांबतो, तेव्हा नाते उलटे होते: एरवी गाव शाळेला वर्गणी देते आणि शाळा गावाकडे मागते, आता गावाला शाळेकडून काहीतरी मिळते. ज्याच्या मोजण्यावर मोठी माणसे विसंबतात त्या मुलाला शाळा चांगली आहे हे पटवून द्यावे लागत नाही.

चौकट: पहिला अंक काढण्यापूर्वी

- वार ठरवावा आणि तो पाळावा. महिन्याला एक मोठा अंक काढण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एक ताव बरा.
- प्रत्येक मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. माहिती ज्यांच्याकडून घेतली त्यांची परवानगी घ्यावी.
- पाहिलेले, विचारलेले किंवा मोजलेले असेल तेच घ्यावे. पुस्तकातून किंवा मोबाईलवरून उतरवलेले घेऊ नये.
- शुद्धलेखन शिक्षकांनी पेन्सिलने दाखवावे, दुरुस्ती मुलांनी करावी. वाक्ये शिक्षकांनी बदलू नयेत.
- चूक छापली गेली तर पुढच्या अंकात त्याच जागी दुरुस्ती द्यावी.
- बोलीतील शब्द आणि वाक्ये जशीच्या तशी राहू द्यावीत. अर्थ लागत नसेल तेथे टीप द्यावी.

यातील शेवटच्या मुद्द्यावर थोडे अधिक बोलणे प्राप्त आहे. या तालुक्यातील ठाकर आणि महादेव कोळी समाजातील मुले घरी जी बोली बोलतात ती शाळेत शिरताना दाराशी ठेवावी लागते, असे त्यांना कोणी स्पष्ट न सांगताही पहिल्या महिन्यात कळते. आजीचे बोलणे अवतरणचिन्हांत, तिच्याच शब्दांत अंकावर आले, तर प्रमाण मराठीचे काही बिघडत नाही. उलट निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवताना मुलांना दोन्हींतील फरक नेमका कळतो, जो व्याकरणाच्या तासाला सहसा कळत नाही.

ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आवाज

भित्तिपत्रकाची एक उणीव अशी, की ते वाचता येणाऱ्यांपुरते मर्यादित राहते. दुसरीतील मूल आणि अक्षरओळख नसलेली आजी, दोघेही त्यातून वगळले जातात. ध्वनिमुद्रित कार्यक्रम ही उणीव भरून काढतो. त्यासाठी परवान्याचे रेडिओ केंद्र लागत नाही. भारतात शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओसाठी २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून परवाने खुले झाले असले, तरी त्याचा खर्च आणि तांत्रिक भार छोट्या शाळेला पेलणारा नाही. एक साधा मोबाईल आणि परिपाठाला वापरला जाणारा ध्वनिक्षेपक पुरेसा आहे.

तांत्रिक अडचणी दोनच, पण त्या खऱ्या आहेत. पहिली घुमण्याची. मोकळ्या वर्गखोलीतील चारही भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात, त्यामुळे एकच शब्द सूक्ष्म अंतराने पुन्हा पुन्हा नोंदला जातो आणि बोलणे अस्पष्ट होते. मऊ, जाड कापड आवाज शोषून घेते, म्हणून बोलणाऱ्याच्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगल्या तरी फरक लगेच ऐकू येतो. दुसरी अडचण पावसाची: जुलैत पत्र्याच्या छपराखाली ध्वनिमुद्रण होऊच शकत नाही, तेव्हा उघडीप मिळेल तेव्हा दोन-तीन मुलाखती एकदम करून ठेवणे भाग असते. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच फोन येऊन मुलाखत तुटत नाही. डोंगरातील ज्या गावांत नेटवर्क मिळत नाही तेथे तयार ध्वनिफीत ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्यात जाते, आणि बाजारच्या दिवशी ती आपोआप गावाबाहेर पोचते.

मुलाखतीचा कालावधी पाच मिनिटांवर ठेवावा, याचे कारण ऐकणाऱ्यांच्या सहनशक्तीपेक्षा करणाऱ्यांच्या शिक्षणात आहे. वीस मिनिटांच्या बोलण्यातून पाच मिनिटे निवडताना महत्त्वाचे काय आणि भरतीचे काय हे ठरवावे लागते. संपादन म्हणतात ते हेच.

वाईट बातमीचे काय करायचे

मुलांच्या हाती माध्यम गेले, की कधी ना कधी अशी बातमी येते जी शाळेला नको असते: पोषण आहारात खडे निघाले, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, शिक्षक उशिरा आले. येथे बहुतेक उपक्रम संपतात. मजकूर काढून टाकला जातो, पुढच्या अंकात पुन्हा सुविचार येतात, आणि काही आठवड्यांत फलकापुढे कोणी थांबेनासे होते. धोका काल्पनिक नाही. फ्रेने नंतर ज्या सँ-पोल गावी गेले तेथे १९३२-३३ मध्ये मुलांच्या छापील मजकुराचे निमित्त होऊन गावात त्यांच्याविरुद्ध वादळ उठले, त्यांना सरकारी शाळा सोडावी लागली आणि १९३५ मध्ये त्यांनी व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली.

यावर मधला मार्ग आहे, आणि तो वर्तमानपत्रांच्या जुन्या शिस्तीतच सापडतो. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याचे म्हणणे त्याच बातमीत घ्यायचे. व्यक्तीवर न लिहिता गोष्टीवर लिहायचे. आणि आकडा किंवा तारीख नसलेली तक्रार घ्यायची नाही. 'कडी तुटली आहे' ही बातमी मुख्याध्यापकांच्या उत्तरासह लागली आणि पुढच्या अंकात 'कडी बसली' अशी ओळ आली, तर शाळेची बदनामी होत नाही, शाळा ऐकते हे सिद्ध होते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार अनुदानित आणि सरकारी शाळांत नेमल्या जाणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अशा अंकाची एक प्रत समितीच्या बैठकीत ठेवली, तर मुलांचे म्हणणे नेमके जेथे निर्णय होतो तेथे पोचते. जी शाळा एवढेही सोसू शकत नाही, तिने विद्यार्थी-माध्यम सुरू न केलेले बरे, कारण खोट्या स्वातंत्र्याइतके मुलांना लवकर काहीच ओळखू येत नाही.

छायाचित्रे, नावे आणि कायदा

कागद फलकावर लागतो तेव्हा तो शाळेपुरता असतो. त्याचेच छायाचित्र समाजमाध्यमावर गेले, की ते कोणाकडे पोचेल हे कोणाच्याच हाती राहत नाही. म्हणून शाळेतील अंक आणि बाहेर जाणारा अंक यांचे नियम वेगळे असावेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीबाबत पालकांच्या, पडताळून पाहता येईल अशा संमतीची अपेक्षा ठेवतो. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ आणि पॉक्सो कायदा, २०१२ चे कलम २३ यांनुसार गुन्ह्यात बळी पडलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. बातमी लिहिणाऱ्या मुलांना हे कायदे पाठ करवण्याची गरज नाही. घरातील भांडण, आजार, गरिबी किंवा जात यांविषयी कोणाचेही नाव घेऊन लिहायचे नाही आणि बाहेर जाणाऱ्या छायाचित्राखाली पूर्ण नाव द्यायचे नाही, एवढे दोन नियम पाळले तरी बहुतेक धोके टळतात.

जुने अंक

हस्तलिखिताची बहुधा एकच प्रत असते, आणि घाटमाथ्यावरील चार महिन्यांच्या ओलीत ती बुरशीला किंवा वाळवीला बळी पडते. प्रत्येक अंक फलकावर लावण्यापूर्वी त्याचे मोबाईलवर छायाचित्र घेणे आणि सत्राअखेर सर्व ताव शिवून त्यावर वर्ष घालणे, याला खर्च जवळपास येत नाही. पाचवीत आलेल्या मुलाला दहा वर्षांपूर्वीचा अंक चाळता आला, त्यात स्वतःच्या मामाचे नाव किंवा त्या वर्षीच्या पावसाचा आकडा सापडला, तर शाळा त्याच्या आधीपासून आहे आणि नंतरही राहणार आहे हे त्याला कोणत्याही भाषणाशिवाय कळते. आपल्या काळच्या मुलांनी काढलेला एखादा हस्तलिखित अंक, चक्रमुद्रित पुस्तिका किंवा भित्तिपत्रकाचे छायाचित्र ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी ट्रंकेत पडून असेल, त्यांनी त्याची एक झेरॉक्स काढून आपल्या शाळेला आणि एक गावच्या वाचनालयाला द्यावी, आणि तिच्या मागच्या बाजूला त्या वर्षी शाळेत कोण कोण शिक्षक होते तेही लिहून द्यावे.